'रिफ्रेन' : ज्याचा त्यानेच धरायचा लगाम

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, एका इंग्रजी क्रियापदावर बोलतो. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "सर, एक शब्द आणि अर्धा तास? चहा साडेसातला आहे, तेवढं लक्षात असू द्या." म्हणजे भाषण सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मला जे करायला सांगितलं, त्यालाच इंग्रजीत 'रिफ्रेन' म्हणतात. आजचा विषय तोच.

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे कुठेही लिहिलेलं दिसलं की लाल पेन हातात घ्यावंसं वाटतं. आपल्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेचा सूचना फलक आहे. मध्ये एकदा लिफ्टची वाट बघत तो सगळा वाचून काढला. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असताना मुलांनी क्रिकेट खेळू नये, पाहुण्यांच्या गाड्या रॅम्पवर लावू नयेत, गॅलरीतून खाली पाणी टाकू नये. मराठी मजकूर साधा, सरळ. आणि खाली इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी 'काइंडली रिफ्रेन'. हा शब्द रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण त्याच्याकडे नीट बघितलंय कुणी? मला तर वाटतं, गृहनिर्माण संस्था म्हणजे काय, हे सांगणारा याच्याइतका नेमका शब्द त्या फलकावर दुसरा नाही.

आधी व्याकरण उरकून घेऊ. मुलांनी वही काढली नाही तरी चालेल.

'रिफ्रेन' म्हणजे मनात आलेली, हातून होऊ शकणारी गोष्ट स्वतःहून न करणं. त्याच्यामागे 'फ्रॉम' येतं आणि 'फ्रॉम'च्या मागे नाम किंवा 'इंग'वालं रूप. 'रिफ्रेन फ्रॉम पार्किंग' बरोबर. 'रिफ्रेन टू पार्क' चूक. आपल्याकडे ही चूक फार होते, कारण मराठीत 'गाडी लावायचं टाळा' म्हणताना आपल्याला 'फ्रॉम'ची गरजच पडत नाही.

दुसरी चूक जास्त गमतीची. काही जण नकार पक्का व्हावा म्हणून एक 'नॉट' जादा घालतात. 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम नॉट थ्रोइंग गार्बेज.' याचा अर्थ होतो, कृपया कचरा न टाकण्याचं टाळा. म्हणजे टाकाच! नकार त्या क्रियापदाच्या पोटातच आहे, वरून आणखी एक घातला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

आता तिसरी चूक. हिच्यासाठीच मी आज उभा आहे. 'प्लीज रिफ्रेन युवर चिल्ड्रन फ्रॉम प्लेइंग इन द लॉबी.' पालकांनी आपल्या मुलांना लॉबीत खेळण्यापासून रिफ्रेन करावं. वाचताना खटकत नाही, पण आजच्या इंग्रजीत हे चालत नाही. कारण 'रिफ्रेन' कर्म घेत नाही. अकर्मक क्रियापद आहे ते. तुम्ही मुलाला, शेजाऱ्याला, सुनेला, सासूला 'रिफ्रेन' करू शकत नाही. दुसऱ्याला आवरायचं असेल तर इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'रिस्ट्रेन'. 'रिफ्रेन' फक्त स्वतः करायचं असतं.

जुन्या इंग्रजीत ते कर्म घेत असे. १६११ साली छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात जीभ रिफ्रेन करावी, पाय रिफ्रेन करावा, असे प्रयोग आहेत. पण तिथेही जीभ आपली आणि पायही आपलाच! पुढे तेवढंही कर्म गळून पडलं, आणि उरला तो फक्त कर्ता.

या दोन शब्दांतला फरक आपल्या रोजच्या जगण्यात बघा. कोर्टाकडून मनाई हुकूम आणतात, त्याच्या इंग्रजी मजकुरात 'रिस्ट्रेन' असतं. दंड, कुलूप, सीसीटीव्ही, वॉचमनची शिट्टी, हे सगळं 'रिस्ट्रेन'. बाहेरून आलेलं. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थच मागे खेचून बांधणं असा आहे. त्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, संस्थेला त्याचीही गरज असते. पण पंचवीस वर्षं एका छताखाली राहायला तेवढ्याने भागत नाही.

आवाजाचंच घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. हे झालं कायद्याचं. आता आपल्या गणपतीतलं एक वर्ष आठवा. बी विंगमधल्या एक आजी अंथरुणाला खिळून होत्या, रात्रभर झोप नाही, संध्याकाळी जरा डोळा लागायचा. त्या वर्षी मुलांनी पाच दिवस स्पीकर लावलाच नाही. आरती झाली ती टाळ आणि तोंडाने. दहाच्या आत वाजवायला कायद्याची पूर्ण परवानगी होती. कार्यकारिणीने ठराव केला नव्हता, कुणी तक्रारही केली नव्हती. मुलांनी आपापसात ठरवलं आणि स्पीकरवाल्याला नको म्हणून सांगितलं. कायदा रात्री दहाला सुरू होतो. 'रिफ्रेन' संध्याकाळी सातलाही सुरू होऊ शकतं.

या शब्दाचा आणखी एक भाऊ आहे, 'अॅब्स्टेन'. तो जरा गंभीर, व्रतस्थ माणूस. दारू सोडली, मांसाहार सोडला, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य केलं, तिथे 'अॅब्स्टेन'. म्हणजे ठरवून, नेमाने, पुष्कळ काळासाठी दूर राहणं. मतदानातही हाच शब्द. २०२२ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत भारत अनेकदा तटस्थ राहिला, तेव्हा इंग्रजी पेपरांत 'अॅब्स्टेन' आणि आपल्या पेपरांत 'तटस्थ' छापून येत होतं. आपल्या सर्वसाधारण सभेत हात वर करायच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालणारे काही सभासद आहेत, त्यांनाही हाच शब्द लावता येईल, पण मी तो लावण्यापासून 'रिफ्रेन' करतो.

बघा, या वाक्यात 'रिफ्रेन' कसं चपखल बसलं. कारण ते त्या क्षणापुरतं आहे. शब्द ओठांवर आला होता आणि थांबवला. 'रिफ्रेन'ला आधी ऊर्मी लागते. मला जे करावंसंच वाटत नाही, किंवा जमतच नाही, ते मी 'रिफ्रेन' केलं असं म्हणता येत नाही. या गुडघ्यांनी मी गच्चीवर क्रिकेट खेळत नाही, यात संयम कसला? तो संधिवात! दहावीतला मुलगा हातात बॅट असताना, मित्र खालून हाका मारत असताना, काकूंचे पापड वाळतायत म्हणून परत फिरतो, ते 'रिफ्रेन'.

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ. लॅटिनमध्ये 'फ्रेनुम' म्हणजे घोड्याचा लगाम. त्यावरून 'रेफ्रेनारे', लगाम मागे ओढणं, आणि तिथून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'रिफ्रेन'. म्हणजे आपल्या फलकावरच्या प्रत्येक सूचनेत एक घोडा उभा आहे.

आणि आपला 'संयम' कुठून आला? सम् अधिक यम्, आवरून धरणं. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय, इंद्रियं घोडे, बुद्धी सारथी आणि मन म्हणजे लगाम. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्याच अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे धावतोय आणि मध्येच वेग कमी होतो. सारथी कारण सांगतो की जमीन उंचसखल होती म्हणून लगाम आवळला. तिथे त्याने वापरलेला शब्द आहे 'रश्मिसंयमन'. रश्मी म्हणजे इथे किरण नव्हे, लगामाची दोरी. रोम आणि उज्जयिनीत अंतर केवढं, पण स्वतःला आवरण्यासाठी दोन्हीकडच्या माणसांना आठवला तो लगामच.

त्या सारथ्याचं बोलणं मला फार आवडतं. त्याने घोडे सोडून दिले नाहीत, रथ उभाही केला नाही. पुढे सपाट जमीन लागल्यावर तो पुन्हा रथ भरधाव सोडतो. जमीन खडबडीत आहे एवढं बघून त्याने तेवढ्यापुरता वेग कमी केला. संयम म्हटलं की आपल्याला काहीतरी मन मारणं, कुढणं आठवतं. लगाम घोड्याला मारत नाही. कुठे पळायचं आणि कुठे सावकाश जायचं, हे सांगतो. आणि चार विंगची, सगळ्या जातीपातींची, तीन पिढ्यांची वस्ती म्हणजे उंचसखल जमीनच की!

आपल्या मराठीकडे तर त्याहून घरगुती शब्द आहे, 'आवरणं'. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मी, पण हा शब्द इंग्रजीत मला सापडला नाही. आपण घर आवरतो, पसारा आवरतो, दुकान आवरतं घेतो. बाहेर निघताना 'आवरलं का?' म्हणून दारातून ओरडतो. आणि राग आवरतो, रडू आवरतो, तोंड आवर म्हणतो, हसू आवरत नाही म्हणतो. सगळीकडे एकच क्रियापद. रोज सकाळी अंथरूण आवरावं लागतं, तसंच मनही. काल आवरलं होतं म्हणून आज आवरायला नको, असं होत नाही. आणि अंथरुणात लोळत राहून कुणाचं अंथरूण आवरून होतं का?

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती आपल्या कुठल्याही इतिवृत्तात नाही. ज्यांची आहे त्यांनी सांगायची परवानगी दिली, नाव न घेण्याच्या अटीवर.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आपल्या पार्किंगमधून एका मुलाची सायकल दिसेनाशी झाली. नवी होती, वाढदिवसाची. मुलगा रडतोय. दुपारी वॉचमन ती सायकल हाताने ढकलत नेताना कुणीतरी बघितलं होतं. त्या मुलाच्या आईने आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मेसेज लिहिला. वॉचमनचं नाव, वेळ, सगळं. अंगठा पाठवायच्या बाणावर. त्या मला म्हणाल्या, "सर, मला खात्री होती. पण म्हटलं, आधी कपड्यांच्या घड्या घालू." फोन फ्रिजवर ठेवला आणि दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेल्या.

नऊच्या सुमारास त्यांच्या दिरांचा फोन आला. दुपारी ते येऊन गेले होते. सायकलच्या चाकात हवा नव्हती म्हणून वॉचमनला ती गेटपर्यंत आणायला सांगितली आणि स्वतः पंक्चरवाल्याकडे टाकली. घरी सांगायचं राहून गेलं.

बस्स, एवढीच गोष्ट. काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनने नेहमीसारखा गेट उघडला, सलाम केला. आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं होतं हे त्याला आजही माहीत नाही. पण तो मेसेज गेला असता तर? शंभरच्या वर फोन वाजले असते. कुणी म्हणालं असतं, मला आधीपासूनच संशय होता. कुणी एजन्सीला फोन लावला असता. खरं कळल्यावर आपण 'सॉरी'ही लिहिलं असतं, हात जोडल्याच्या चित्रासकट. पण त्या माणसाच्या घरी त्या रात्री काय झालं असतं, ते त्या 'सॉरी'ने पुसलं गेलं नसतं.

'रिफ्रेन' या क्रियापदाची अडचण ही आहे की त्याचा पुरावा मागे राहत नाही. आपण टाकी बांधली, त्याचा फोटो या स्मरणिकेत आहे. लिफ्ट बदलली, त्याचाही असेल. पण न पाठवलेल्या मेसेजचा फोटो कुठून काढणार? सभेत ओठांवर आलेलं आणि न बोललेलं वाक्य कोणत्या अहवालात लिहिणार? तरीही पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या दारात हळदीकुंकवाला जातो आहोत, ते तशा न बोललेल्या वाक्यांच्याही जोरावर.

हे जमवायचं कसं, असं तरुण मंडळी विचारतील. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. लहान मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. सुमारे पंधरा मिनिटं थांबायचं. खाऊकडे टक लावून बसलेल्यांना ते जड गेलं. ज्यांना जमलं त्यांतल्या काहींनी डोळे झाकून घेतले, काही स्वतःशीच गाणं म्हणत बसली. म्हणजे नुसती इच्छाशक्ती पणाला लावण्यापेक्षा लक्ष दुसरीकडे वळवण्याने काम सोपं झालं. आपल्या त्या ताईंनी फोन फ्रिजवर ठेवून कपड्यांच्या घड्या घातल्या. त्यांनी मिशेल वाचलेला नव्हता!

त्या प्रयोगाबद्दल पुढे असंही सांगितलं गेलं की जी मुलं थांबली ती मोठेपणी जास्त यशस्वी झाली. २०१८ मध्ये जास्त मुलांचा अभ्यास झाला, घरची परिस्थितीही विचारात घेतली गेली, तेव्हा तो संबंध बराच फिका पडला. तेव्हा आजी-आजोबांनी नातवंडांपुढे लाडू ठेवून परीक्षा घेऊ नये. घरात दिलेला शब्द पाळला जातो, हे दिसलं की मूल थांबायला शिकतं, असं मला शाळेतल्या अनुभवावरून वाटतं.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. गप्प बसणं म्हणजे नेहमी 'रिफ्रेन' नव्हे. मराठीत 'मूग गिळून बसणं' असा वेगळा वाक्प्रचार आहे, आणि 'कानाडोळा करणं' असाही. शेजारच्या दारामागून मारहाणीचा आवाज येतोय आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, तो संयम नाही. हिशेबात गफलत दिसते आणि वाईटपणा कोण घेणार म्हणून सही करतो, तोही नाही. लगाम हातात धरणारा सारथी जागा असतो. मूग गिळणारा झोपेचं सोंग घेतो. कसोटी सोपी आहे. मी थांबतोय ते दुसऱ्याचं नुकसान टळावं म्हणून, की माझी गैरसोय टळावी म्हणून? पहिलं असेल तर थांबा. दुसरं असेल तर बोला, आणि समोर जाऊन बोला.

पुढची काही वर्षं ही कसोटी आपल्याला फार लागणार आहे. इमारतीची मोठी दुरुस्ती आहे, गळतीचे वाद आहेत, पुनर्विकासाची कुजबुज आत्ताच जिन्यात ऐकू येते. कुणाला जास्त जागा, कुणाला कमी, कुणाचं कर्ज, कुणाचं म्हातारपण. मतं वेगळी असणारच, ती मांडलीच पाहिजेत. नियम काय ते संस्थेचे उपविधी सांगतील. पण भिंतीवरून बोलताना कुणाच्या मुलीच्या लग्नापर्यंत जाऊ नये, हे कुठल्याही उपविधीत लिहिलेलं नाही. ते ज्याचं त्यानेच आवरायचं.

शेवटी एक गंमत. इंग्रजीत 'रिफ्रेन' नावाचा दुसराही शब्द आहे. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण घराणं वेगळं. तो नाम आहे, आणि लगामाशी त्याचं नातं नाही. त्याचा अर्थ गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ. आपण तिला धृपद किंवा पालुपद म्हणतो. सभेत प्रत्येक विषयानंतर 'पण पार्किंगचं काय झालं?' असं विचारणारे एक काका आहेत, ते पालुपद वेगळं!

आरतीत कडवं म्हणताना ज्यांना पाठ असतं तेच म्हणतात, बाकीचे ओठ हलवतात. धृपद आलं की लहान मूलसुद्धा टाळी वाजवत सूर लावतं. क्रियापद 'रिफ्रेन' ज्याचं त्याने एकट्याने करायचं, नाम 'रिफ्रेन' सगळ्यांनी मिळून म्हणायचं. सोसायटीला दोन्ही लागतात. आपल्या सूचना फलकावर लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, 'फ्रॉम' विसरू नका आणि जादाचं 'नॉट' घालू नका. बाकीचं आपण सभासद बघून घेऊ.

संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी मनापासून शुभेच्छा. साडेसातला पाच मिनिटं कमी आहेत. अजून बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण आवरतो.